गोदावरीच्या पाण्याखालचे तीन पहारेकरी

प्राणहिता ही नदी वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून दक्षिणेकडे वाहत जाऊन काळेश्वराजवळ गोदावरीस मिळते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची पूर्व सीमा हीच. पैलतीरास अहेरी व सिरोंचा, ऐलतीरास तेलंगणाचे अरण्य. पावसाळ्यात हे पात्र इतके विशाल दिसते की, यातून आगबोटी का जाऊ नयेत, असा प्रश्न कोणासही पडावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो एका थोर स्थापत्यशास्त्रज्ञास पडला होता.

सर आर्थर कॉटन यांनी १८५२ पर्यंत धवळेश्वरचा बंधारा पुरा करून गोदावरीच्या मुखाकडील प्रदेश सुजलाम् केला होता. वऱ्हाडचा व नागपूरकडचा कापूस वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या प्रवाहाबरोबर थेट पूर्व किनाऱ्यास उतरवावा, हे त्यांचे पुढील स्वप्न होय. (आडनावाचा अर्थही कापूसच, हा केवळ योगायोग!) बैलगाडीने महिनोन्‌महिने धूळ खात जाणारा माल पाण्याने स्वस्तात जाईल, ही कल्पना मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांसही मोहविणारी होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडील कापूस बंद झाला, तेव्हा तर ती निकडीची ठरली. तत्पूर्वीच, १८६० च्या तहान्वये, निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरील प्रदेश इंग्रजांकडे आला होता व नदीवरील जकातही उठली होती.

माणसांनी घातलेले अडसर असे दूर झाले. निसर्गाने घातलेले राहिले. नदीत तीन ठिकाणी खडकांच्या रांगाच्या रांगा आडव्या पसरल्या आहेत. पहिली दुम्मुगुडेमपाशी, दुसरी इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीपाशी आणि तिसरी प्राणहितेत देवलमरीपाशी. या खडकांचा कावा विलक्षण आहे. उन्हाळ्यात ते उघडे पडतात, पण तेव्हा नाव चालण्याइतके पाणीच नसते. पुरात पाणी भरपूर असते, परंतु खडक त्याखाली दडतात आणि वरचा प्रवाह इतका उसळतो की, नाव वर चढविणे दुष्कर व खाली उतरविणे जिवावरचे. अरण्यातील सागवान प्रवाहात सोडता येई. कापसाचे गठ्ठे भरलेल्या नावेस ते शक्य नव्हते.

उपाय शोधला तो हा. खडकांच्या वर बंधारा घालून पाणी तुंबवावयाचे, बाजूने कालवा काढावयाचा आणि त्यात दुहेरी दरवाजांच्या कोठ्या बांधून नावांस पायरीपायरीने चढवावयाचे वा उतरवावयाचे. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेम्पल यांनी १८६३ मध्ये अनुकूल अहवाल दिला. तथापि अरण्यातील हिवतापापुढे मजूर टिकेनात, आणि पुरामुळे वर्षातील कित्येक महिने काम थांबे. त्या अनाम मजुरांची कहाणी सरकारी कागदांत फारशी उतरलेली नाही, हे खेदाचे.

दुम्मुगुडेमचा बंधारा व कालवा उभा राहिला; पुढील दोन ठिकाणची कामे अपुरीच होती. इतक्यात पश्चिमेकडून दुसराच प्रतिस्पर्धी आला. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली. अमेरिकेतील युद्ध दोन वर्षांपूर्वीच संपले होते. वऱ्हाडच्या कापसाने पूर्वेऐवजी पश्चिमेची वाट धरली, आणि १८७१ साली सरकारने गोदावरीची योजना सोडून दिली. कॉटन यांचा आग्रह मात्र सुटला नाही. रेल्वेपेक्षा कालवे बरे, हे त्यांनी १८७८ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढेही हिरीरीने मांडले. पाण्याच्या वाटेविषयी त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे नाही; चुकला तो या विशिष्ट नदीचा हिशोब.

पुढे याच नदीवर नव्या शतकाने निराळा डाव मांडला. सिरोंच्यासमोर मेडीगड्डा येथे बांधलेल्या बंधाऱ्याचे उद्घाटन २०१९ साली झाले. तेथे नौकानयनाचा नव्हे, पाणी उपसून शेतीला देण्याचा हेतू होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. दुम्मुगुडेमचा जुना बंधारा मात्र उभा राहिला, आणि देवलमरीचे खडक पाणी ओसरले की पूर्वीसारखेच डोके वर काढतात.