करंडीतली शिल्लक

इतिहास दोन प्रकारची माणसं वाचतात. एक, ज्यांना इतिहास कळतो ती. आणि दुसरी, ज्यांना फक्त हिशेब कळतो ती. मी दुसऱ्या पंगतीतला. बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि तेव्हापासून अवघ्या विश्वाकडे जमा आणि नावे या दोन रकान्यांतूनच पाहत आलो. पानिपत म्हटलं की लोकांचे डोळे पाणावतात. मला आपली काळजी लागते, की त्या हरवलेल्या मोहरांचं व्हाउचर कुणी केलं असेल?

आता असा माणूस युरोपातल्या देशांच्या बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेवर लिहायला बसला म्हणजे तुम्ही विचारणारच, की बाबा रे, तुझा आणि बास्केटबॉलचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. माझी उंची पाच फूट चार इंच. बास्केटबॉलच्या मैदानावर मला उभं केलं तर प्रेक्षक मला चेंडू उचलणारा पोऱ्या समजतील. पण या स्पर्धेच्या विजेत्यांची यादी एकदा माझ्या हाती पडली आणि मी चमकलो. ती खेळाची यादी नव्हतीच मुळी. ती एक खतावणी होती! खाती उघडलेली, खाती बुडालेली, एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर जमा झालेली... आमच्या ऑडिटरला दाखवली असती तर तो तिथेच रजेवर गेला असता.

मुळात हा खेळ अमेरिकेत १८९१ साली नाइस्मिथ नावाच्या मास्तरांनी काढला. पीच या फळाच्या दोन करंड्या भिंतीला ठोकल्या आणि मुलांना सांगितलं, टाका आत चेंडू. चेंडू आत पडला की कुणीतरी वर चढून तो बाहेर काढायचा. करंडीचं बूड कापून टाकावं, हे सुचायला काही काळ जावा लागला. (आमच्या खात्यात हे अजून सुचायचं आहे. कागद आत जातो, पण शिपाई चढवल्याशिवाय बाहेर येत नाही.)

युरोपची पहिली स्पर्धा १९३५ साली जिनिव्हाला झाली. दहा देश आले, आणि जिंकलं कुणी? इंग्लंड नव्हे, फ्रान्स नव्हे, जर्मनी नव्हे. जिंकला लाटव्हिया! अंतिम सामन्यात त्यांनी स्पेनला २४-१८ असं हरवलं. हा आकडा पाहून हसू नका. त्या काळी एक बास्केट झाली की चेंडू पुन्हा मधोमध आणून उडवायचा आणि पहिल्यापासून श्रीगणेशा करायचा. एका व्यवहाराला इतका वेळ लागलेला पाहून मला तर अगदी घरच्यासारखं वाटलं.

पुढे प्रथा पडली, की जो जिंकेल त्याच्या घरी पुढची पंगत. म्हणून १९३७ ची स्पर्धा लाटव्हियाच्या रिगा शहरात झाली. पण ताटावर बसला भलताच पाहुणा. शेजारचा लिथुआनिया आला आणि अंतिम सामन्यात इटलीला २४-२३ असं एका गुणानं हरवून कप घेऊन गेला. आपल्याकडे अमेरिकेतला भाचा येतो तो बदामाचं पाकीट आणि आपल्याला न होणारा टी-शर्ट घेऊन. लिथुआनियाचे अमेरिकेतले भाचे आले ते बास्केटबॉल घेऊन. पोटासाठी तिकडे गेलेल्या लिथुआनियन कुटुंबांची ही मुलं. खेळ तिकडे शिकली आणि आजोळासाठी खेळली.

साहजिकच १९३९ ची पंगत लिथुआनियाच्या कौनास शहरात. त्यांनी या स्पर्धेसाठी खास बास्केटबॉलचं सभागृह बांधलं. आणि या वेळी आला तो सगळ्यात मोठा भाचा: प्रानास लुबिनास. अमेरिकेतलं नाव फ्रँक लुबिन, जन्म लॉस एंजेलिसचा, उंची साडेसहा फुटांच्या वर, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या अमेरिकन संघातला खेळाडू. इथे तो खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. लाटव्हियाविरुद्धच्या सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी त्यानं चेंडू आत घातला. लिथुआनिया ३७, लाटव्हिया ३६. पुन्हा एका गुणानं! सात सामने, सातही जिंकले. खात्यावर दुसरं अजिंक्यपद जमा.

हे झालं मे १९३९ मध्ये. जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आत शिरल्या आणि लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया हे तिन्ही देश नकाशावरून पुसले गेले. स्पर्धेचे पहिले तिन्ही कप जिंकणारे दोन देश, आणि दोघांचाही पत्ता गुल!

इथे मला थोडं धंद्याचं बोलू द्या. बँकेतल्या खात्यावर खातेदारानं दोन वर्षं काही व्यवहार केला नाही, की ते खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली, की रक्कम उचलून रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते. पण नियमाची गंमत पुढेच आहे. रक्कम बुडत नाही. खरा मालक कधीही आला, ओळख पटवली, की पैसे परत द्यावे लागतात. हे कलम एखाद्या लिथुआनियन माणसानं लिहिलं असावं असा मला दाट संशय आहे.

युद्धानंतर १९४७ साली प्रागला सोव्हिएत संघ पहिल्यांदा आला आणि पहिल्याच फटक्यात जिंकला. वा! पण संघातली नावं वाचा: कुणी लिथुआनियन, कुणी एस्टोनियन, कुणी जॉर्जियन. म्हणजे खातं जॉइंट, भरणा सगळ्यांचा, सही मात्र एकट्या मॉस्कोची. या खात्यात पुढे एकूण चौदा अजिंक्यपदं जमा झाली. त्यातली १९५७ ते १९७१ मधली आठ तर ओळीनं. १९८५ साली स्टुटगार्टला जिंकलेल्या संघाचा आधारस्तंभ होता सव्वासात फुटी अर्विदास साबोनिस. गाव? कौनास!

मध्येच एक गंमत सांगतो. १९४९ ची पंगत प्रथेप्रमाणे सोव्हिएत संघानं घालायची. त्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या क्रमांकाच्या चेकोस्लोव्हाकियानंही नाही म्हटलं. तिसऱ्या क्रमांकावर होता इजिप्त. त्यानं हौसेनं हो म्हटलं. झालं! युरोपची स्पर्धा कैरोला. संघ आले सात, त्यात सीरिया आणि लेबनॉन. युरोपातल्या बऱ्याच जणांना एवढा प्रवास झेपला नाही. आणि १९४९ चा युरोपचा विजेता म्हणून नोंद झाली ती आफ्रिकेतल्या इजिप्तची! मुलीच्या लग्नाला वऱ्हाड आलं नाही म्हणून वाजंत्रीवाल्यालाच बोहल्यावर चढवावं, तसंच हे. पण नोंद ती नोंद. आजही ती तशीच आहे, कुणी खोडलेली नाही.

दुसरं जॉइंट खातं युगोस्लाव्हियाचं. १९९१ च्या जूनमध्ये रोमला स्पर्धा चालू असतानाच, २५ तारखेला स्लोव्हेनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. संघात युरे झ्दोव्च हा स्लोव्हेनियाचा खेळाडू होता. त्याला घरून निरोप आला, की आता या संघातून खेळू नकोस. उपांत्य सामन्याआधी त्यानं बूट काढले. उरलेल्यांनी स्पर्धा जिंकली. त्यात क्रोएशियाचे कुकोच आणि राद्जा होते, सर्बियाचे दिवात्स आणि दानिलोविच होते. एका ताटात जेवलेली पोरं. मग युद्ध झालं.

चार वर्षांनी, १९९५ साली, अथेन्सला विजेत्यांसाठी तीन पायऱ्या मांडल्या होत्या. सोन्याच्या पायरीवर उरलेला युगोस्लाव्हिया: दिवात्स, दानिलोविच. काशाच्या पायरीवर क्रोएशिया: कुकोच, राद्जा. युगोस्लाव्हियाला सुवर्णपदकं द्यायची वेळ आली आणि क्रोएशियाचे खेळाडू पायरीवरून उतरून निघून गेले. या नोंदीपुढे शेरा काय मारायचा हे मला अजून सुचलेलं नाही. भावाभावांच्या वाटण्यांत सही करायला आलेले आणि एकमेकांकडे न बघता पेन परत ठेवून गेलेले लोक मी काउंटरवर पाहिलेत. तिथेही मी काही बोललो नव्हतो.

आणि मधल्या पायरीवर, रुपेरी पदक घेऊन कोण उभं होतं? लिथुआनिया! १९३९ नंतर थेट १९९५. छप्पन्न वर्षं खात्यावर एक व्यवहार नाही, आणि मालक हजर. ओळख पटवायला सोबत साबोनिस. सही जुळवायचा प्रश्नच नव्हता. एवढी उंच सही दुसऱ्या कुणाची असणार?

पूर्ण रक्कम मात्र २००३ साली स्टॉकहोमला मिळाली. अंतिम सामन्यात लिथुआनियानं स्पेनला ९३-८४ असं हरवलं. १९३७, १९३९ आणि त्याखाली २००३. मधे चौसष्ट वर्षांची कोरी जागा, पण शिल्लक बरोबर पुढे ओढलेली. पुढे २०१७ साली इस्तंबूलला, ज्या स्लोव्हेनियाच्या निरोपानं झ्दोव्चनं बूट काढले होते, तो पुण्यापेक्षाही कमी वस्तीचा देश स्वतःच्या नावानं जिंकला. अंतिम सामना सर्बियाशी. २०२५ चा अंतिम सामना तर पुन्हा रिगात झाला. जिंकली जर्मनी, पण पंगत लाटव्हियाच्या घरी होती आणि यजमानाचं नाव नकाशावर होतं, हे काय कमी झालं?

राज्य बदललं की रस्त्यांची नावं बदलतात, पुतळे हलतात, शाळेच्या पुस्तकांतले धडे बदलतात. गुणतक्ता मात्र मोठा हट्टी. मॉस्कोची सही चालत होती त्या पन्नास वर्षांतही १९३९ पुढे लिथुआनिया हेच नाव होतं. देश नव्हता, नोंद होती.

हल्ली पिवळं पडलेलं पासबुक घेऊन एखादे आजोबा काउंटरशी येतात आणि कापऱ्या आवाजात विचारतात, "साहेब, हे खातं अजून असेल का हो?" तेव्हा मी त्यांना आधी खुर्ची देतो. न जाणो, लिथुआनिया असायचे!