वरसाव्याची कोरी ओळ : प्रयोग, ओव्या आणि डेटाबेस

१/ ८ जुलै १९२१. मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले, एक भामिनी, दुसरा धैर्यधर. नाट्यवेड्या मराठी घरात ही तारीख आजही तोंडपाठ असते. पण त्याच्या पुढच्या आठवड्यात गंधर्व नाटक मंडळी कोणत्या गावी होती? तेथे कोणते नाटक लागले?

२/ असल्या साध्या रात्रींना आपल्या इतिहासग्रंथांत फारशी जागा नाही. मराठी रंगभूमीचा इतिहास प्रामुख्याने नाटककार, नटश्रेष्ठ आणि पहिले प्रयोग यांच्याभोवती लिहिला गेला. संगणकीय पद्धती येथे एक साधा बदल सुचवते : नोंदीचे एकक नाटक नव्हे, प्रयोग धरावा. एक रात्र म्हणजे तक्त्यातील एक ओळ; तारीख, गाव, नाट्यगृह, मंडळी, नाटक आणि नट हे तिचे रकाने.

३/ पॅरिसच्या कोमेदी-फ्राँसेझ या नाट्यसंस्थेने १६८० पासून रोजच्या तिकीटविक्रीच्या वह्या जपल्या. १७९३ पर्यंतच्या त्या वह्या आता डेटाबेसमध्ये आहेत. कोणत्या रात्री कोणत्या दराची किती तिकिटे खपली, हे घरबसल्या पाहता येते. लंडनच्या १६६० ते १८०० या काळातील प्रयोगांची जंत्री आधी ११ खंडांत छापली गेली आणि १९७० च्या दशकात संगणकात भरली गेली. पुढे ती संगणकीय माहितीच हरवल्यासारखी झाली. काही दशकांनी ती मोठ्या कष्टाने पुन्हा वाचनीय करावी लागली. छापील खंड मात्र तोवर कपाटात शाबूत होते!

४/ मराठीत अशा सलग वह्यांचा आधार नाही. भिस्त ठेवायची ती वृत्तपत्रांतील जाहिराती, हस्तपत्रके आणि गणपतराव बोडसांच्या ‘माझी भूमिका’सारखी आत्मचरित्रे यांवर. तेथे पहिली अडचण नावांची. नारायण श्रीपाद राजहंस, नारायणराव आणि बालगंधर्व ही माणसाला एकच व्यक्ती दिसते, संगणकाला तीन. ‘सौभद्र’ आणि ‘संगीत सौभद्र’ ही त्याच्या लेखी दोन नाटके. जुन्या नोंदीत शके आणि तिथी असेल तर इसवी सनाची तारीख काढणे हे वेगळेच काम.

५/ एवढे सोसले तर मिळते काय? नकाशा. विष्णुदास भाव्यांची मंडळी १८५३ मध्ये सांगलीहून मुंबईला आली, तेव्हा दक्षिण महाराष्ट्रात रेल्वे नव्हती. पुण्याला गाडी १८५८ मध्ये पोचली, कोल्हापूरला १८९१ मध्ये. पडदे, पेट्या आणि नटसंच घेऊन हिंडणाऱ्या मंडळ्यांचे मुक्काम या रुळांच्या मागोमाग कसे सरकले, हे वर्षवार ताडून पाहता येते.

६/ आता त्याच नकाशावर वरसावे शोधावे. मीरा-भाईंदरच्या कडेला, मुंबई–अहमदाबाद महामार्ग वसईची खाडी ओलांडतो तेथले हे गाव. वृत्तपत्रांतील जाहिरातींवरून केलेल्या नकाशात अशा गावाची ओळ कोरी राहण्याचीच शक्यता अधिक. जाहिरात देते ती तिकीट लावणारी मंडळी. आगरी-कोळी लग्नात धवला गाणारी धवलारीण जाहिरात देत नाही. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवर घुमणाऱ्या तारप्यालाही तिकीट नसते. कोऱ्या ओळीचा अर्थ ‘येथे कला नव्हती’ असा घेतला, की संगणक जुनाच अन्याय अधिक नेटकेपणाने करू लागतो.

७/ या अडचणीवर महाराष्ट्रातच फार मोठे काम झाले आहे, आणि ते नाट्यगृहापासून दूर, जात्याशेजारी. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात संगीत आणि संगणक या दोन्ही विषयांचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले, ध्वनिमुद्रण झाले, डेटाबेस उभा राहिला. सुमारे १,१०० गावे, ३,३०० हून अधिक गायिका, एक लाखाहून अधिक ओव्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या.

८/ आकडा थक्क करणारा आहेच, पण खरी थोरवी रकान्यांत आहे. जुन्या लोकगीतसंग्रहांत ओवी बहुधा ‘लोकां’ची असते, म्हणजे कोणाचीच नसते. येथे ओवीसमोर गाणारीचे नाव आणि गाव आहे. विषयवार वर्गीकरणही आहे : सीतेचा वनवास, आई-लेक, भाऊ-बहीण, बाबासाहेब आंबेडकर. त्यामुळे सीतेविषयी कोणत्या गावच्या बायका काय म्हणतात, हे शेजारी शेजारी ठेवून वाचता येते.

९/ तरीही हा नकाशा सारख्या दाटीचा नाही. राईरकर-पॉइटवाँ यांचे काम गरीब डोंगरी संघटनेच्या सोबतीने वाढले, म्हणून मावळ-मुळशीकडचा डोंगरी भाग त्यात ठळक आहे. संग्राहकाचे पाय जेथे पोचले तेथे ठिपके गर्द. हा दोष म्हणून लपवण्यापेक्षा कोण, केव्हा, कोणाच्या ओळखीने त्या गावी गेले, याचाही एक रकाना ठेवणे अधिक प्रामाणिक.

१०/ काळाचा रकानाही वेगळा विचार मागतो. नाटकाच्या प्रयोगाला तारीख असते. ओवीला मुद्रणाची तारीख असते, पण ती बाईने आईकडून किंवा सासूकडून केव्हा उचलली, हे सहसा सांगता येत नाही. तेथे ‘कोणाकडून शिकलात?’ हा प्रश्नच तारखेच्या जागी ठेवावा लागतो. दोन-तीन पिढ्यांची साखळी त्यातून हाती लागते, आणि ती कोणत्याही जाहिरातीत मिळणारी नाही.

११/ वरसाव्याच्या परिसराची पहिली ओळ भरायची तर रकाने हेच : कोणाचे लग्न, कोणती तिथी, धवला कोणी म्हटला, मागून कोणी ओढला, तो कोणाकडून आला, आणि मुद्रण जगासमोर ठेवायला गाणारीची संमती आहे का. हा शेवटचा रकाना सर्वांत आधी भरायचा. लग्नसराईत धवलारीण भेटते; तिला वेळ मात्र हळद उतरल्यावरच असतो.