मुंबईहून व्हिएन्नाला गेलेल्या नळ्या

१८९७च्या मुंबईबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मांडवीतला पहिला रोगी आणि डॉ. अकासिओ व्हिएगस, घरात शिरणारे सोजीर, पुण्यात रँडचा वध, सावित्रीबाईंचा मृत्यू. त्याच वर्षी मुंबईचा प्लेग काचेच्या नळ्यांत बसून युरोपात गेला आणि दीड वर्षानं तिथं तीन माणसं दगावली, हे मात्र आपल्या लेखनात क्वचितच येतं. मी तीस वर्षं एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केलं. इतिहास शिकलो तो रद्दीवाले आणि ग्रंथालयं यांच्या कृपेनं. कदाचित म्हणूनच या कथेत मला डॉक्टरांच्या आधी तिथला गडी दिसला.

फेब्रुवारी १८९७मध्ये व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीनं पाठवलेलं एक पथक मुंबईत उतरलं. हेर्मान म्युलर, हाइनरिख आल्ब्रेख्त, आंतोन गोन आणि रुडोल्फ प्योख. सगळे तरुण. त्या काळात मुंबई म्हणजे जगभरच्या जंतुशास्त्रज्ञांची पंढरीच झाली होती. जर्मन आले, रशियन आले. हाफकिन तर ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस करून १० जानेवारीला स्वतःलाच टोचून मोकळे झाले होते. ऑस्ट्रियन मंडळींनी आर्थर रोडच्या इस्पितळात काम केलं. म्युलर रोगी तपासत, आल्ब्रेख्त आणि गोन शवविच्छेदनं करत. मे महिन्यात ते परतले तेव्हा सामानात टिपणं होती आणि जिवंत जंतूंची कल्चर्सही होती.

त्या कल्चरांवरचं काम व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळातल्या विकृतिशास्त्र संस्थेत सुरू झालं. जनावरांना जंतू टोचायचे, मेलेली जनावरं उघडायची, नोंदी करायच्या. जनावरांची देखभाल आणि खोलीची झाडलोट फ्रान्झ बारिश नावाच्या नोकराकडं होती. (आडनाव जर्मन आहे, पावसाशी संबंध नाही.) ऑक्टोबर १८९८च्या मध्याला बारिशला ताप भरला, खोकला सुरू झाला. आधी साधा न्यूमोनिया किंवा इन्फ्लुएन्झा असावा असं वाटलं. थुंकीच्या तपासणीतून खात्री व्हायला वेळ गेला. हा फुप्फुसाचा प्लेग होता. गाठीच्या प्लेगमध्ये माणूस वाचण्याची थोडी तरी आशा असे. फुप्फुसाच्या प्लेगवर त्या काळी इलाजच नव्हता, आणि खोकल्याच्या प्रत्येक ठसक्याबरोबर तो समोरच्याच्या श्वासात जात होता. १८ ऑक्टोबरला बारिश गेला.

सांडलेल्या जंतूंचं काय करायचं, याचे नियम आज लॅबच्या भिंतीवर लावलेले असतात. नळी फुटली तर आधी श्वास रोखून खोलीबाहेर पडा, दार लावा, हवेतले कण खाली बसेपर्यंत अर्धा तास आत जाऊ नका. मग हातमोजे घालून डागावर कागद किंवा कापड टाका, कडेकडून मध्याकडं ब्लीचचं पाणी ओता, वीस-तीस मिनिटं तसंच राहू द्या, काचा चिमट्यानंच उचला. कुणाच्या अंगावर उडालं असेल त्याचं नाव लिहून घ्या आणि त्याच्यावर लक्ष ठेवा. आमच्याकडं नवीन मुलगा आला की त्याला हे पाठ करावं लागे, आणि सगळ्यात अवघड जाई ते पहिलं कलम. काही सांडलं की माणसाचा हात आपोआप फडक्याकडं जातो. पळ काढायचा हेही शिकावं लागतं.

व्हिएन्नात असा तक्ता नव्हता; कार्बोलिक होतं, रसकापूर होता आणि म्युलर होते. प्लेगचे रोगी जवळून पाहिलेला डॉक्टर म्हणून बारिशची शुश्रूषा त्यांनीच केली. बारिश गेल्यावर त्याच्या खोलीच्या भिंती त्यांनी स्वतः खरवडून काढल्या, असं सांगतात. दोन-तीन दिवसांत तेही आजारी पडले आणि परिचारिका आल्बिना पेखाही. शहराच्या कडेला असलेल्या फ्रान्झ योसेफ इस्पितळात त्यांना वेगळं ठेवलं. म्युलरनी आपलं निदान आपणच केलं आणि भोवती कमीत कमी माणसं राहतील असं पाहिलं. लिहिलेला मजकूर ते खिडकीच्या काचेला लावून बाहेरच्यांना वाचायला देत, कागद खोलीबाहेर जाऊ नये म्हणून, ही हकिकत पुन्हापुन्हा सांगितली जाते. त्यांच्यावर उपचार करायला प्योख आत गेले. २३ ऑक्टोबरला म्युलर गेले, जेमतेम तिशी ओलांडलेले. ३० तारखेला पेखा गेली. संपर्कातली बाकीची माणसं वेगळी ठेवली होती. साथ तिथंच थांबली. मुंबईत याच रोगानं हजारो माणसं नेली, तिथं तिघांवर आवरलं, याचं श्रेय या अडवणुकीला द्यावंच लागतं.

शहरात मात्र घबराट माजली आणि मग शोध सुरू झाला तो दोषी कोण याचा. बारिश दारू पितो, निष्काळजी होता, बाहेर भटकत होता, असं बोललं गेलं. असेलही तसा. पण मला विचारावंसं वाटतं की दिवसभर प्लेगच्या उंदरांचे पिंजरे धुणाऱ्या माणसाला कुणी काय शिकवलं होतं? त्याच्या हातांवर मोजे होते का, तोंडावर काही होतं का? मुखपट्टी तेव्हा शस्त्रक्रियेतसुद्धा नवलाची होती. जंतू ज्ञानी मंडळींचे आणि पिंजरे गड्याचे, ही वाटणी मला फार ओळखीची वाटते. आमच्याकडंही नमुन्याच्या बाटल्या धुणाऱ्या बाईला हातमोजे मिळाले ते सगळ्यांच्या शेवटी.

दोष टाकण्याची दुसरी तऱ्हा आपल्याकडं चार वर्षांनी दिसली. १९०२च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी परळच्या प्रयोगशाळेची लस टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वातानं मेली. सगळी एकाच बाटलीतली. बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करता वापरला, हे पुढं आलं. तरी ठपका बसला हाफकिन यांच्यावर. परका, ज्यू, आणि डॉक्टरीची पदवी नसलेला माणूस. रोनाल्ड रॉससारख्यांनी बाजू लावून धरली तेव्हा १९०७मध्ये कलंक पुसला गेला. व्हिएन्नात खापर खालच्या माणसावर फुटलं, इथं वरच्या. पण दोन्हीकडं ते सोयीच्या माणसावरच फुटलं.

व्हिएन्नाच्या घटनेनंतरही असे मृत्यू थांबले नाहीत. १९०३मध्ये बर्लिनमध्ये मिलान साक्स हा तरुण डॉक्टर प्लेगच्या जंतूंवर काम करताना गेला. जर्मनीत प्लेगचे जंतू कुणी, कुठं हाताळायचे याचे सरकारी नियम याच सुमारास झाले. स्वतंत्र खोली, कुलूप, नोंद: आज जगभर पाळले जाणारे जैवसुरक्षेचे नियम याच वाटेनं पुढं गेले.

मुंबईच्या प्लेगवरचा त्यांचा अहवाल अकादमीनं छापला. मुखपृष्ठावर म्युलर यांचं नाव आहे. व्हिएन्नातल्या त्या इस्पितळाच्या जुन्या आवारात त्यांचं स्मारकही आहे. गोन यांचं नाव क्षयरोगाच्या पुस्तकांत राहिलं. फुप्फुसातल्या क्षयाच्या पहिल्या जखमेला डॉक्टर अजून त्यांच्या नावानं ओळखतात. प्योख पुढं मानववंशशास्त्राकडं वळले आणि ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन न्यू गिनीत गेले. आर्थर रोडचं ते इस्पितळ आज कस्तुरबा रुग्णालय आहे. २०२० साली मुंबईतल्या करोनाच्या पहिल्या चाचण्या तिथल्याच प्रयोगशाळेत झाल्या.