टाक्याचं मोल: ‘श्रुजन’ची वाटचाल

१९६९ साली कच्छमध्ये दुष्काळ पडला होता. भुजजवळच्या धाणेटी या आहिरांच्या गावात रामकृष्ण मिशनचं अन्नछत्र सुरू होतं, आणि तिथे मदतीला मुंबईहून चंदाबेन श्रॉफ आल्या होत्या. गावातल्या बायकांना त्या रांगेत उभं राहणं जड जात होतं. फुकटचं जेवण नको, हाताला काम द्या, असं त्यांचं म्हणणं. आता कोरड्या पडलेल्या गावात बायकांना काम कुठलं द्यायचं? चंदाबेनचं लक्ष त्यांच्या अंगावरच्या कपड्यांकडे गेलं. घरात दाणा नव्हता, पण घागरा आणि कंजरी (चोळी) आरशांनी, साखळी टाक्यांनी गच्च भरलेली होती.

चंदाबेननी तीस साड्या आणल्या आणि त्या भरायला दिल्या. त्या मुंबईत प्रदर्शनात मांडल्या आणि सगळ्या विकल्या गेल्या. मुंबईत कच्छी घरं पुष्कळ, त्यामुळे ओळखीचं गिऱ्हाईक मिळालं असेल हे खरं. पण एखादी दयाळू बाई तेवढ्या समाधानावर घरी परतली असती. चंदाबेन पुन्हा कच्छला गेल्या, आणि ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली.

त्यांनी नक्की काय केलं हे कळायला या भरतकामाची मूळ जागा माहीत हवी. ते विकण्यासाठी नव्हतंच. मुलगी हातात सुई धरू लागली की आईच्या, आजीच्या शेजारी बसून स्वतःच्या लग्नाचे कपडे भरायला लागायची. घागरे, कंजऱ्या, दारावरची तोरणं, पिशव्या, बैलांच्या झुली, सगळं आलं त्यात. आपल्याकडच्या रुखवतासारखं ते चार लोकांसमोर मांडलं जाई, आणि मुलीच्या हाताची परीक्षा तिथेच व्हायची. वेळेचा हिशेब कोणी ठेवत नसे. कपड्यावरून बाई कुठल्या जमातीची, हे जाणत्याला लांबूनच कळे. आहिरांचा साखळी टाका, फुलं आणि मोर. रबारींचे वेगवेगळ्या आकारांचे आरसे. गरासिया जाट बायकांच्या झग्याच्या छातीवर फुलीच्या टाक्याने दोरा दोरा मोजून भरलेला तुकडा. बन्नीतल्या मुतवांचे डोळ्यांत तेल घालून शोधावेत इतके बारीक आरसे.

आणि सूफ. १९७१ च्या भारत-पाक युद्धाच्या वेळी सिंधमधल्या थरपारकरातून सोढा राजपूत आणि मेघवाळ कुटुंबं कच्छमध्ये आली, त्यांच्याबरोबर हे काम आलं. सूफ भरणारी बाई कापडावर काही रेखत नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत ती उलट्या बाजूने भरते. सुलट बाजूला त्रिकोणांची नक्षी उमटत जाते, आणि ती नक्षी पुरी होईपर्यंत फक्त तिच्या डोक्यात असते. एक धागा मोजायचा चुकला तर पुढची ओळ तिरपी होते आणि उसवण्यावाचून इलाज राहत नाही. डोळे थकले की हे काम सुटतं. म्हणून सूफमधल्या उत्तम कारागीर बायकांची कामाची वर्षं मोजकीच असतात. मजुरीच्या चर्चेत ही गोष्ट सहसा कुणी काढत नाही.

दुष्काळाने आणि शहरी मागणीने या सगळ्याला बाजार दाखवला. आधी गेले ते जुने कपडे. व्यापारी गावोगाव फिरून पेट्यांतले घागरे, तोरणं विकत घेऊ लागले, आणि ते कापून, जोडून त्यांच्या चादरी, पिशव्या, भिंतीवर टांगायचे पडदे व्हायला लागले. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत ठिगळा-ठिगळांचा कच्छी पडदा अनेकांनी लावला आहे. त्यात कुणाच्या तरी आजीच्या लग्नाचा घागरा आहे, हे फार थोड्यांच्या मनात येतं. आज अशा वस्तूवर ‘पुनर्वापर’ असं कौतुकाचं लेबल लागलं असतं. मला ते लेबल पटत नाही. कच्छी बायका जुन्या कपड्यांचे थर शिवून धडकी, म्हणजे गोधडी, करतात, तो पुनर्वापर. अडलेल्या घराची पेटी रिकामी करून कात्री चालवणं हा दुसराच व्यवहार झाला.

‘श्रुजन’ने उलटा रस्ता धरला. जुनं विकत घ्यायचं नाही, नवं भरून घ्यायचं, आणि त्या टाक्याला पैसे द्यायचे. कापड आणि दोरे संस्थेने बाईच्या गावात पोचवायचे, बाईने घरचं सगळं सांभाळून सवडीने भरायचं, आणि काम परत घेताना मोबदला तिच्या हातात द्यायचा. पैसे थेट बाईच्या हातात, हा तपशील लहान दिसतो. पण ज्या घरात आजवर तिच्या हातून पैसा फिरलाच नव्हता, तिथे त्याने बरंच काही बदललं. हळूहळू काम शंभराहून अधिक गावांत पसरलं आणि हजारो बायका त्यात आल्या.

यात तोटाही होता. मजुरी टाक्यावर आली की वेळ मोजला जातो, आणि वेळ मोजला की हात भराभर चालतो. शहरातल्या गिऱ्हाइकाला फिके रंग हवेत, नक्षी विरळ हवी. दुसऱ्यासाठी भरताना स्वतःच्या लेकीसाठी भरायला सवड उरत नाही. शिवाय जमातींच्या आतही काही तुटत होतं. रबारींमध्ये लग्नाचं भरतकाम इतकं वाढलं होतं की ते पुरं होईपर्यंत मुलीची सासरी पाठवणी लांबायची. १९९५ मध्ये ढेबरिया रबारींच्या पंचांनी भरतकामावर बंदीच घातली. बाहेरचा माणूस हे वाचून हळहळतो. पण ज्या मुलीची वर्षं त्या घागऱ्यात जात होती, तिच्या बाजूने पाहिलं तर पंचांचं सगळंच चुकलं असं म्हणवत नाही. तिथल्या बायकांनी मग तयार लेस आणि जरीच्या पट्ट्या शिवण्याच्या यंत्रावर लावून नवीच तऱ्हा काढली.

जुने उत्तम नमुने विकले गेलेले, आणि नव्या मुलींना पाहून शिकायला समोर काही नाही. नव्वदच्या दशकात चंदाबेननी ही अडचण ओळखली आणि त्यावर केलेला उपाय हे मला ‘श्रुजन’चं सगळ्यात मोठं काम वाटतं. त्यांनी निवडक बायकांना सांगितलं, विक्रीचा विचार सोडा, तुमच्या हाताला येतं त्यातलं सर्वोत्तम एका चौकटीत भरून द्या. अशा हजाराहून अधिक चौकटी तयार झाल्या. त्यांतल्या कित्येक पुऱ्या व्हायला महिनोन् महिने लागले. आणि मग त्या कपाटात ठेवल्या नाहीत. फिरत्या डिझाइन केंद्रात, म्हणजे सरळ एका गाडीत घालून त्या गावोगाव नेल्या. बायका चौकटीजवळ बसत, टाका उलटून पाहत, एकमेकींना दाखवत. एका जमातीच्या बाईला दुसऱ्या जमातीचं काम इतक्या जवळून पाहायला तोवर क्वचितच मिळालं असेल. याच कामासाठी चंदाबेनना २००६ चा रोलेक्स पुरस्कार मिळाला.

पुढचा टप्पा अजरखपूरचा. हे गावही नवंच. धमडका गावचे खत्री पिढ्यान् पिढ्या अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं कापड, तयार करत. २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं. नैसर्गिक रंगांचं गणित पाण्यावर असतं. लोह जास्त झालं की रंग काळवंडतात. म्हणून त्यातल्या बऱ्याच कुटुंबांनी भुजजवळ दुसरी जमीन घेऊन अजरखपूर वसवलं. तिथेच ‘श्रुजन’चं लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर आहे. जानेवारी २०१६ मध्ये ते खुलं झालं, आणि त्याच वर्षी चंदाबेन गेल्या. काम आता त्यांच्या कन्या अमी श्रॉफ यांच्याकडे आहे.

हे संग्रहालय आहे, पण पर्यटकाइतकंच ते कारागिरासाठीही आहे. चौकटी तिथे जमाती आणि टाक्यांनुसार लावल्या आहेत. प्रशिक्षण होतं, आणि भरतकामाच्या पलीकडच्या हस्तकलांनाही जागा दिली आहे.

अडचण उरते ती मजुरीची. भूकंपानंतर करसवलतींमुळे कच्छमध्ये कारखाने आले, मुली शाळेत जाऊ लागल्या, आणि सुईकडे बसण्यापेक्षा सोपे पैसे देणारे पर्याय उभे राहिले. ते वाईट झालं असं कुणी म्हणू नये. पण यापुढे हातभरतीची साडी स्वस्त मिळणार नाही, आणि ती स्वस्त मिळाली तर कुणाचे तरी पैसे बुडाले आहेत असं समजावं. यंत्राने भरलेली ‘कच्छी वर्क’ साडी काही हजारांत मिळते. हाताने पूर्ण भरलेल्या साडीचे पैसे ऐकून दुकानात घासाघीस करणारे आपणच असतो. ‘श्रुजन’च्या भुजोडीच्या दुकानात भाव ठरलेला असतो.