हळदी ठिपक्यांचा इतिहास

मानपाडा नावाची दोन गावे ठाणे जिल्ह्याने शहरांच्या पोटात घेतली: एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीत एमआयडीसीच्या शेजारी. दोन्हीकडे आता उजेड एलईडीचा, आणि त्याचे श्रेय निळ्या चिपला देण्याची रीत आहे. २०१४ चे भौतिकीचे नोबेल त्याच चिपसाठी मिळाले, ते रास्तच होते. पण बल्बचे दुधी टोपण काढले, की चकतीवर हळदीच्या रंगाचे चौकोनी ठिपके दिसतात. ती पूड असते सेरियम मिसळलेल्या यिट्रियम अ‍ॅल्युमिनियम गार्नेटची. चिपच्या निळ्या उजेडाचा काही भाग शोषून ती पिवळा उजेड देते आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसते. ब्लासे आणि ब्रिल यांनी फिलिप्सच्या प्रयोगशाळेत तिचे वर्णन केले १९६७ मध्ये. जपानच्या निचियाने पांढरा एलईडी बाजारात आणला १९९६ मध्ये. म्हणजे चिप येईपर्यंत पूड तयारच होती.

माझे म्हणणे असे, की अशा उजेड देणाऱ्या पुडींचा, म्हणजे फॉस्फरांचा, इतिहास कण लहान करण्याचा नाही, मिसळ ताब्यात ठेवण्याचा आहे. आपल्याकडचा जुना दाखला तुर्भ्याचा. भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्साराजवळ काम करणाऱ्यांसाठी जो बिल्ला केला, त्यात टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या सल्फेटमध्ये डिस्प्रोसियम किंचितच मिसळलेले. किरणांची ऊर्जा स्फटिकात अडकून राहते. चकती तापवली की ती प्रकाश होऊन बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून मात्रा मोजतात. १९७५ पासून देशभर हा बिल्ला वापरात आहे. दुसरा दाखला पुण्याचा. तिथल्या विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांत लोह आणि निकेल मिसळून पाहिले, तर कणांचा उजेड मंदावला. १९९९ चा हा निबंध मला फार मोलाचा वाटतो. एक धातू उजेड देतो, दुसरा तो गिळतो. कण नॅनो असला म्हणून हा नियम सुटत नाही.

यावर कोणी क्वांटम डॉट्स पुढे करील. कॅडमियम सेलेनाइडचा दोनेक नॅनोमीटरचा कण निळा उजेड देतो, सहाचा लाल. रंग निव्वळ आकारावर ठरतो, आणि २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याच संशोधनाला मिळाले. हे सगळे खरे. पण उघडे डॉट्स मिणमिणतेच राहत. १९९६ मध्ये त्यांच्यावर झिंक सल्फाइडचे कवच चढले, पृष्ठभागावरचे दोष झाकले गेले, तेव्हा कुठे शोषलेल्या प्रकाशातला निम्मा तरी परत मिळू लागला. कण जितका बारीक, तितका त्याच्या वाट्याला पृष्ठभाग जास्त आणि दोषही जास्त. म्हणूनच डॉट्स टीव्हीच्या पडद्यात स्थिरावले, पण घरातल्या साध्या बल्बात अजून मायक्रॉन आकाराची जाडी पूडच आहे.

दुसरा आक्षेप स्थानिक आहे. डोंबिवलीच्या कारखान्यांनी रंग आणि रसायने करण्यात हयात घालवली, त्यांना ही पूड का जड जावी? रंगाच्या कारखान्यात माल शुद्ध आहे की नाही हे छटेवर आणि टक्क्यांवर ठरते. फॉस्फरमध्ये लोहाचा हिशेब दशलक्षात किती भाग, असा ठेवावा लागतो. त्यासाठी पाणी, भांडी, भट्टी आणि हवा सगळेच वेगळे लागते. अनुभव उपयोगी पडेल, पण तोच कारखाना चालणार नाही.