कान कोणाचा? 'ळ', 'य' आणि 'ल' यांची एक जुनी कथा

पांढुर्णा हे नाव रोमन लिपीत लिहिले की 'ण' आणि 'न' यांतील भेद कागदावरून पुसला जातो. लिपीची ही मर्यादा आपण समजू शकतो. परंतु पूर्णपणे निरोगी कानालाही परभाषेतील असा भेद ऐकू येत नाही, हे विद्वानांच्या ध्यानी यायला एकोणिसावे शतक सरत आले.

१८८९ साली फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तथाकथित 'रानटी' लोकांच्या भाषांत ध्वनी स्थिर नसतात, एकच शब्द ते कधी असा तर कधी तसा उच्चारतात, असा त्या काळी समज होता. बोआसने बॅफिन बेटावर स्वतः टिपलेले एस्किमो शब्द पुन्हा तपासले. एकच शब्द त्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा लिहिला होता. अस्थिरता बोलणाऱ्याच्या जिभेत नव्हती. परका ध्वनी ऐकणाऱ्याचा कान त्याला आपल्या ओळखीच्या कधी या, कधी त्या खणात टाकत होता. टिपणातील चुकांवरून टिपणाऱ्याची मातृभाषा ओळखता येते, असेही त्याने दाखवले. पुढे १९३९ मध्ये त्रुबेत्स्कॉय याने मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यासाठीचे नमुने मुख्यतः जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी यंत्रणेमार्फत लिहून घेतले गेले. वऱ्हाडी बोलणारा 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हणतो, 'काळा' न म्हणता 'काया'. पुणेरी वळणात शिकलेला कारकून सवयीने तिथे 'ळ' परत बसवू शकतो. हिंदीत वाढलेल्याला 'ळ' आणि 'ल' एकच वाटू शकतात. म्हणून जुने नमुने वाचताना बोलणाऱ्याइतकाच लिहिणाराही विचारात घ्यावा लागतो.

या 'य'ची शहरी माणसे थट्टा करतात, ती अज्ञानातून. 'मूल' आणि 'मूळ', 'वेल' आणि 'वेळ' या जोड्या घ्या. वऱ्हाडीत 'मूळ'चे 'मूय' आणि 'वेळ'ची 'वेय' झाली, तरी 'मूल' आणि 'वेल' यांपासून त्या वेगळ्याच राहिल्या. बोलीने 'ळ' सोडला, भेद सोडला नाही. ('काया' म्हणजे देह की रंग, एवढी गफलत मात्र होऊ शकते, ती वाक्य निस्तरते.) 'ळ'च्या जागी सरसकट 'ल' आला की मात्र दोन शब्दांचा एकच होतो. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतील 'ज'चा फरक तर आपली लिपीही दाखवत नाही. तो केवळ कानावर सोपवलेला आहे.

कान इतक्या लवकर कसा घडतो? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातील इंग्रजीभाषक घरांतील बालकांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे हिंदीतील 'त' आणि 'ट' वेगळे ओळखत. वर्षाची होता होता बहुतेकांची ती क्षमता ओसरे. इंग्रजीभाषक प्रौढांनाही हा भेद सहसा पकडता येत नव्हता. श्रवणदोष कोणातच नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी दप्तराची भाषा हिंदीच. अशा ठिकाणी पाळण्यातल्या बाळाच्या कानी कोणती भाषा पडते, हा प्रश्न शाळेच्या माध्यमाच्याही आधीचा आहे.

मोठेपणी दार पूर्ण बंद होते असे मात्र नाही. जपानी प्रौढांना इंग्रजीतील 'र' आणि 'ल' यांचा भेद ऐकायला शिकवता येतो, आणि त्यासाठी अनेक वेगवेगळ्या लोकांचे आवाज ऐकवणे उपयोगी पडते, असे १९९१ च्या एका अभ्यासात दिसले. सौंसरच्या आठवडी बाजारात किंवा संत्र्यांच्या बागांत कोणी बोली ध्वनिमुद्रित करणार असेल, तर म्हातारे, तरुण, बायका, पुरुष असे पुष्कळ आवाज घ्यावेत, 'वेल' आणि 'वेळ' दोन्ही म्हणवून घ्यावेत. आणि टिपणाच्या माथ्यावर बोलणाऱ्याच्या गावाबरोबर लिहिणाऱ्याची मातृभाषाही नोंदवावी.