षटकार कोणाचा?

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक फजिती झाली. फजिती कसली, चूकच.

इंग्लंडातल्या भाच्याची मेल आली. भाचेसुनेच्या तपासण्या झाल्याचं ठाऊक होतं. मेल दोनच ओळींची होती : 'रिपोर्ट आले. नॉक्ड अस फॉर सिक्स.' मला 'सिक्स' तेवढा दिसला. मी ताबडतोब कळवलं, 'अभिनंदन! षटकार!' अर्ध्या तासात उत्तर, 'मामा, सिक्स आम्हांला बसलाय.'

मग कोश काढून बसलो. आपण षटकार म्हणतो तेव्हा मनाने फलंदाजाच्या बाजूला असतो. साहेबाच्या या वाक्प्रचारात माणूस चेंडूच्या जागी असतो. अचानक फटका बसून कुठल्या कुठे भिरकावला गेलेला.

तोही साधासुधा फटका नव्हे. इंग्लंडात १९१०पर्यंत चेंडू नुसता सीमारेषेवरून गेला तर चारच धावा मिळत. सहासाठी तो मैदानाच्याच बाहेर जावा लागे. त्यामुळे षटकार दुर्मीळ. शब्दाला ते वजन तेव्हाचं असावं, असं मला वाटतं. १९४२च्या ऑक्टोबरात एल अलामेनच्या लढाईआधी माँटगोमेरीने सैन्याला जो संदेश दिला त्यातही हाच षटकार आहे : शत्रूला उत्तर आफ्रिकेच्या पार बाहेर टोलवायचं. तिथे मात्र तो मारणाऱ्याच्या तोंडी आहे.

आपल्याकडे हा शब्द आनंदाचाच का राहिला? मला आठवतात ते नागपूरचे सी. के. नायडू. १ डिसेंबर १९२६, मुंबईचं जिमखाना मैदान. हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी एम.सी.सी.विरुद्ध दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या, त्यात अकरा षटकार! राज्य साहेबाचं, गोलंदाजही साहेबाचे. त्या दिवशी मैदानाभोवतीच्या आपल्या माणसांनी कोणाच्या बाजूने पाहिलं असेल, ते काय सांगायला हवं? (पुढे १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार तेच.) आमच्या वडिलांकडून त्या अकरा षटकारांची गोष्ट इतक्यांदा ऐकली, की षटकार बसणाराही कोणी असतो हे कधी डोक्यातच आलं नाही.

असो. भाचेसुनेचे उपचार सुरू झालेत. काल भाच्याला फोन केला. मेल लिहायला हात धजला नाही.